आप्पांनी सांगितलेली चिठ्ठी

निजामाच्या अख्ख्या रियासतीत आवडत्या वस्तूला नावं ठेवावीत तर आमच्या लातूरच्या घरमालकांनीच. सारे त्यांना आप्पा म्हणत. कापसाचे बडे व्यापारी, चार गोदामं, आणि धंद्याची सारी अक्कल एवढीच, की माल घ्यायचा असला तर नाक मुरडायचं आणि खपवायचा असला तर तारीफ करायची. ही अक्कल त्यांनी घरातही आणली होती. जिलबी आवडली की "पाक कच्चा हाय" म्हणत अर्धा शेर फस्त करायचे. देवळात गेले की देवाचं नाक बसकं ठरवून यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दर्शनाला हजर. एकदा त्यांनी आपल्या म्हाताऱ्या घोड्याची तहसीलदारासमोर इतकी तारीफ केली की त्या बिचाऱ्याने तो घेतला, आणि आठवड्यात पुन्हा पायी कचेरीला जाऊ लागला. मी त्यांच्या माडीवरचा भाडेकरू, सरकारी शाळेत मास्तर. माझ्या शिकवण्याला ते रोज नावं ठेवीत, तोवर खोलीला धोका नाही हे मी ओळखून होतो.

आईवेगळी गोदू ही त्यांची एकुलती लेक. तिला गादीवर शेजारी बसवून त्यांनी हेच शिकवलं. आठ वर्षांची पोर, पण कापूस चिमटीत धरून असं तोंड वाकडं करायची की विकणाऱ्यालाच आपल्या मालाची शंका यावी. नवा परकर घालून ती पुढे आली की आप्पा म्हणत, "बुजगावणं दिसून राहिलीस." आणि ती धडाधडा जिना चढून मला सांगायची, "मास्तर, आप्पाला परकर लई आवडला."

गोदू उपवर झाली आणि बिलोलीचे पाहुणे तिला बघायला आले, तेव्हा मात्र आप्पांची जीभ फिरली. "अशी गुणाची पोर धुंडून सापडायची न्हाई," ते म्हणाले. व्यापाऱ्याची सवय, दुसरं काय! दाराआड गोदू पानाचं तबक घेऊन तशीच उभी राहिली. नंतर मला म्हणाली, "आप्पा मला खपवून राहिले, मास्तर." मी हसण्यावारी नेलं. लग्न होऊन गेली ती पहिल्या दिवाळीलाही आली नाही.

पुढे आप्पांचा उजवा हात लुळा पडला आणि त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी मला खाली बोलावून म्हणाले, "पोरीला चिठ्ठी लिहा. म्हणावं, तुझी भाकर एका अंगानं करपायची. आवाज फाटका हाय. चालताना पाय घासतीस." एवढं सांगून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. माझ्यातला मास्तर जागा झाला. सासरी चारचौघांत वाचली जाणारी चिठ्ठी, तिच्यात हे काय लिहायचं? मी सुवाच्य अक्षरात लिहिलं की तू सुशील आहेस, सुगरण आहेस, दोन्ही कुळांचं भूषण आहेस.

"भाकरीचं लिहिलं न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. त्यानंतर रस्त्यावर बैलगाडी वाजली की ते मान वळवून दाराकडे बघत. असे पंधरा दिवस काढले, आणि गेले.

गोदू तिसऱ्या दिवशी पोचली. चिठ्ठी मिळाली नव्हती का, मी विचारलं.

"मिळाली की. नुसती तारीफ. म्हटलं, अजून खपवूनच राहिले, कशाला जावं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मास्तरकीची लाज अजून गेलेली नाही. आप्पांनी काय सांगितलं होतं ते मी तिला शब्दन् शब्द सांगितलं: करपलेली भाकर, फाटका आवाज, घासणारे पाय. ती खांबाला टेकून ऐकत होती. पदराने तोंड पुसून म्हणाली, "भाकरीचं पुन्हा सांगा, मास्तर."

मी पुन्हा सांगितलं.