डोळे कुणी पाहिले होते?

सातव्या महिन्यात कल्याणच्या डॉक्टरांनी माझ्या चष्म्याच्या काचांकडे एकदा पाहिलं, नंबर विचारला आणि फाइलवर 'सिझेरियन' लिहून टाकलं. "मायनस अकरा नंबर आहे. जोर लावलास तर डोळ्याचा पडदा सुटेल, आंधळी होशील." मी म्हटलं, "आधी डोळे तपासून घेऊ का?" तर म्हणाले, "डॉक्टर तू की मी?" नवरा गप्प. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना कळतं." माझे डोळे, माझं पोट, आणि मला सोडून सगळ्यांना कळत होतं! सिझेरियनला मी घाबरत नव्हते. गरज असती तर मुकाट्याने गेले असते. संताप होता तो न तपासता घातलेल्या भीतीचा.

माहेरी बाळकुमला आले आणि तडक गावदेवीच्या देवळात गेले. खोटं कशाला सांगू, हात जोडायला नाही, भांडायला गेलेले. "तूही बाईच ना? मग गप्प का?" असं तिला मोठ्याने विचारलं. मागे एक वयस्कर बाई ओटी घेऊन उभ्या होत्या. "काय झायला गो बाय?" त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. त्या डोळ्यांच्या इस्पितळात नर्स होत्या, आता निवृत्त. त्यांनी एवढंच विचारलं, "थेंब टाकून पडदा बघितला का कोणी?"

कोणीच नव्हता बघितला.

त्यांनीच ठाण्यातल्या पडद्याच्या डॉक्टर मॅडमचा पत्ता दिला. मॅडमनी थेंब घालून बराच वेळ तपासलं. "पडदा कडेला थोडा पातळ आहे, पण फाटलेला नाही. नुसत्या नंबरासाठी सिझेरियन लागत नाही. डोळ्यांपुढे चमकायला लागलं, सावली आली, तर मात्र लगेच ये." तसं पत्रही दिलं. कल्याणच्या डॉक्टरांनी ते न वाचताच सरकवलं. "मग तिकडेच जा." तेव्हा नवरा पहिल्यांदा बोलला, "जातो."

ठाण्यातल्या प्रसूतिगृहात नऊ तास कळा सोसल्या. मुलगी झाली, नॉर्मल. नंतर पडदाही तपासला, जसाच्या तसा होता.

त्या बाईंच्या पाया पडायला गेले, तर म्हणाल्या, "मी काय केला? इचारला फक्त."

राग अजून गेलेला नाही. त्या दवाखान्याच्या बाकावर माझ्यासारख्या कितीजणी बसल्या असतील, या विचाराने आजही डोकं तापतं. पण देवाला शरण जाणं म्हणजे खाली मान घालणं, ही माझी समजूत गेली. मी देवीशी भांडले, तिने ऐकून घेतलं. ऐकून घेणाऱ्यापुढेच आता डोकं टेकते.