अण्णांचा अबोला

"तोंड उघडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उघडलं नाही. बाईंनी हनुवटी धरून जोर लावला. दातांत बोट शिरेना.

"कधीपासून?" त्यांनी मला विचारलं.

"दोन दिवस. माझ्यावर रागावलेत."

"रागावलेत कसले! टिटॅनस आहे हा. धनुर्वात. आधी जबडा आवळतो, मग सगळं अंग."

सत्त्याण्णव साल. मी नाशकात एस.वाय.बी.एस्सी.ला होतो आणि शेवटचं वर्ष पुण्याच्या कॉलेजात करणार होतो. अण्णांना ते पटत नव्हतं. त्यांचं आयुष्य सातपूरच्या वर्कशॉपमध्ये गेलेलं. लेथ मशीनपेक्षा मोठा आवाज काढल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही. त्या आठवड्यात आमचं कडाक्याचं वाजलं. दुसऱ्या सकाळी अण्णा गप्प. जेवणही नाही. आई म्हणाली, "ताटावर राग काढतायत. पाया पड जा." मी कसला पडतोय! मीही अबोला धरला.

त्याच्या आठ दिवस आधी त्यांच्या तळपायात खिळा घुसला होता. वर्कशॉपच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी जखमेत तंबाखू दाबून वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. मी ती पाहिली होती. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पेपरात धनुर्वातावर टीप लिहून पाचपैकी चार मार्क मिळवणारा मीच तो.

अण्णांना ठेवलं ती सरकारी दवाखान्यातली खोली अंधारी होती. बाईंनी बजावलं, "आवाज, उजेड, धक्का, कशानेही झटका येईल. झटक्यात श्वास अडकला तर माणूस जातो. गप्प बसता येत असेल तरच थांब."

मी मान डोलावली आणि तासाभरात माझ्या हातून स्टीलच्या डब्याचं झाकण पडलं.

अण्णांची पाठ कमानीसारखी वर उचलली गेली. गादीला टेकलेलं फक्त डोकं आणि टाचा. टाचा लोखंडी खाटेवर दाणदाण आपटत होत्या. जीभ दातांत सापडली, हनुवटीवरून रक्ताची धार लागली. मी धरायला गेलो तर त्यांचं कोपर माझ्या नाकावर बसलं. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. अण्णांचा चेहरा निळा पडला होता. नर्सने शिरेतून डायझेपाम, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, दिलं तेव्हा कुठे श्वास परतला.

"आणखी एक झाकण पाड," बाई मला म्हणाल्या, "म्हणजे सुटले ते."

त्या दिवसापासून मी दाराचा राखणदार. नाकावर पट्टी, पायात नुसते मोजे. एकदा एक गृहस्थ व्हरांड्यात बाकडं ओढायला लागले. मी त्यांची कॉलर धरली, त्यांनी माझे केस. आम्ही भिंतीवर एकमेकांना आदळलं, गुद्दे घातले, त्यांचा ओठ फुटला. पण मी आधी ओठांवर बोट ठेवून आत दाखवलं होतं, त्यामुळे बिचाऱ्यांनी सगळा मार चकार शब्द न काढता खाल्ला आणि तितकाच परत दिला.

रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल त्याच आठवड्यात होतं. सर म्हणाले, "प्रॅक्टिकल बुडलं की विषय गेला. आणि विषय राहिला तर पुणं विसर." मी विषय सोडल्याचा अर्ज लिहून दिला. सरांनी माझ्या नाकाकडे पाहून कारण विचारलं नाही.

झटके रोज येत. मग दोन दिवसांनी. मग थांबले.

विसाव्या की एकविसाव्या दिवशी अण्णांच्या दातांत चमचा गेला. पेज गिळून त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. वीस दिवस पाठ केलेली माफी मी सुरू करणार, तेवढ्यात ते कुजबुजले, "गाढवा, मी रागावल्यावर कधी गप्प बसलोय का रे?"

तुमच्या घरातलं बोलकं माणूस अचानक गप्प झालं, तर आधी त्याला तोंड उघडायला लावा. रुसवा नंतर काढा. आणि खिळा लागला की त्याच दिवशी इंजेक्शन. त्या बाईंचे आणि नर्सचे आभार मी तेव्हा मानलेच नाहीत. बोलायची बंदी होती. ते आता मानतो.

पुण्याला मी वर्षभर उशिराने गेलो. निघताना एसटी स्टँडवर अण्णा माझ्यावर इतके ओरडले, की कंडक्टर दाराशी थबकला. "तिकडे जाऊन दिवे लावशील! पत्र टाक! कान आहेत का फुटले?"

मी गाडी वळेपर्यंत खिडकीतून त्यांच्या सताड उघड्या तोंडाकडे बघत राहिलो.