थोरला जावई शेवटच्या पानावर

शास्त्रातली एकच गोष्ट मी आजवर जशीच्या तशी आचरणात आणली, आणि तीही साडूची जिरवायला.

साडूचं नाव शमुवेलराव. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. मी प्राथमिक शाळेतला साधा गुरुजी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिसगावला सासुरवाडीला मी यायचो एसटीनं, घामाघूम होऊन, पिशवी सांभाळत. ते यायचे कारखान्याच्या जीपमधून, अंगात फिक्कट सफारी, आणि तिची इस्त्री मोडलेली नाही! (मी जवळ जाऊन पाहिलं आहे.) सासूबाई मटण वाढायला लागल्या की नळी नेमकी त्यांच्याच ताटात पडायची. सात वर्षं थोरला जावई असून माझ्या वाट्याला बरगडी. मी जळायचो. उगाच खोटं कशाला बोलू?

कळस झाला तो मेव्हण्याच्या साखरपुड्यात. नवरदेवाच्या उजवीकडची खुर्ची थोरल्या जावयाची, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. मी हात धुवून येतो तो तिच्यावर शमुवेलराव! आणि त्यांना कुणी 'उठा' म्हटलं नाही.

लग्नाला पंधरा दिवस असताना चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत उपदेश झाला. लग्नाचं जेवण असेल तर मानाच्या जागेवर धावू नका, अगदी शेवटी बसा. म्हणजे यजमान स्वतः येऊन सगळ्यांदेखत तुम्हाला वर बोलावील. बाकीच्या मंडळींना त्यात नम्रता ऐकू आली. मला युक्ती ऐकू आली!

मी तिथेच डोळे मिटून सगळं पाहिलं. मी शेवटच्या पानावर. मामा, म्हणजे माझे सासरे, अख्खा मांडव तुडवत येतात, माझा हात धरतात: "गुरुजी, तुमी हितं? वर चला!" आणि शमुवेलराव भर पंगतीत त्या खुर्चीवरून उठतात.

"अहो, एकटेच का हसताय?" शेजारून सुमननं, म्हणजे आमच्या मंडळींनी, विचारलं.

"वचनावर मनन चाललंय."

"मनन करताना दात दिसत नाहीत कुणाचे," ती म्हणाली.

लग्न चर्चमध्ये झकास लागलं. मांडवात पुढे पांढरी चादर घातलेलं टेबल. त्यावर नवरानवरी, तिसगावचे पाळकसाहेब आणि ती खुर्ची. मोकळी! मी तिच्याकडे पाठ फिरवली, थेट मागे गेलो आणि शेवटच्या पानावर मांडी घातली. तेवढ्यात टेम्पोभर पाहुणे आले आणि माझ्या पलीकडे बसले. झालं! मी शेवटचा राहिलोच नाही. उठून पुन्हा टोकाला गेलो, तर तिथे एक पागोटेवाले आजोबा.

"बाबा, तुम्ही वर सरका. मी बसतो इथं."

"न्हाई गुरुजी, आमाला शेवटलीच बरी."

"अहो, पण मला शेवटची हवीय!"

"हितं सावली हाय. म्या न्हाई उठायचा!"

(नम्र व्हायलासुद्धा इतकी चुरस!) शेवटी मी मांडवाबाहेर, मे महिन्याच्या उन्हात, आचाऱ्याच्या चुलीशेजारी पोतं टाकून बसलो. माझ्यापलीकडे आता फक्त खरकट्या पत्रावळी होत्या. इतकं शेवटी अख्ख्या नगर जिल्ह्यात कुणी बसलं नसेल.

आचारी बाहेरगावचा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ओ भाऊ, मोकळंच बसलाय व्हय? धरा ही बादली!"

"मी थोरला जावई आहे!"

"व्हय का? आन् मी कलेक्टर हाय. उचला, पंगत खोळंबलीया!"

रश्श्याची बादली आणि वगराळं माझ्या हातात आलं. टाकून द्यावं, तर आत मटण! म्हणून वाढायला लागलो. दोन ओळी झाल्या असतील, तोच मामा कपाळावर आडवा हात धरून कुणाला तरी शोधताना दिसले. मलाच! नजरानजर झाली, आणि मामांचे डोळे भरून आले.

"बघा रं, बघा!" ते अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले. "माजा थोरला जावई सोता वाढतुया! रुसवा न्हाई, फुगवा न्हाई! शमुवेलराव, तुमी बसा त्या खुर्चीवर. गुरुजी काय आता बसायचं न्हाईत."

"बसतो की! बसतो!" मी ओरडलो, पण तेवढ्यात बँडवाल्यांनी सूर लावला.

वाढत वाढत टेबलापाशी पोचलो. शमुवेलराव खुर्चीत, पान पुढे ओढून तयार. बादलीत पाहतो तर तळाला एकच नळी, चांगली जाडजूड. मी तिला चुकवून रस्सा घ्यायचो, ती पुन्हा वगराळ्यात यायची.

"गुरुजी, नळी येतेय वाटतं," शमुवेलराव प्रेमानं म्हणाले.

"कसली नळी! नुसतं हाडूक आहे," असं म्हणून मी वगराळं झटकलं. नळी बादलीत परत गेली. रस्सा गेला पाळकसाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर!

नवरीनं तोंडाला पदर लावला. शमुवेलराव चटकन उठले, रुमाल (इस्त्रीचा!) पाण्यात बुडवला आणि चक्क गुडघ्यावर बसून झगा पुसायला लागले. मग त्यांनी माझ्या हातातली बादली हळूच काढून घेतली.

"सकाळपासून उपाशी आहात गुरुजी, हात थरथरतोय तुमचा. वर या, बसा इथं. मी वाढतो."

वर या! सगळ्यांदेखत! मी बसलो. त्यांनी बादली ढवळून तीच नळी शोधली, माझ्या द्रोणात वाढली आणि सफारीवर रश्श्याचे थेंब झेलत पंगतीत शिरले.

"येवढा मोठा मानूस, पर कसा वाढतुया बघा!" बायका म्हणू लागल्या. मामांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पाळकसाहेब ओला झगा सावरत माझ्याकडे वळले.

"गुरुजी, वचन जगणं म्हणतात ते हे!"

मी घाम गाळत वाढलेल्या ओळी कुणाच्याही ध्यानात राहिल्या नव्हत्या. खुर्ची माझी, नळी माझी, आणि तरी मी जळतच होतो.

सुमन मागून आली आणि माझ्या कानाशी वाकली.

"मिळाली ना एकदाची खुर्ची? नळीसुद्धा मिळाली. मग तोंड का असं? आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

मी तोंडातली नळी बाहेर काढली आणि म्हणालो, "बादली!"