डाव्या सायलेन्सरवरचा हात

आधीच सांगून ठेवतो, मी फिटर माणूस. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कापड कारखान्यात मशीनं दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर शोधणाऱ्याची अक्कल कमी पडतेय असं समजावं, हे माझं तत्त्व. कॅन्टीनमध्ये भुताखेतांच्या गोष्टी रंगल्या की मी चहाचा ग्लास उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय... पण बायको म्हणाली, "तुमी नाय लिवलं तर मी लिवीन." आणि तिने लिहिलं तर त्या दिवशी मी किती घाबरलो होतो तेही त्यात येईल. म्हणून मीच लिहितो.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. आम्ही बोईसरजवळ सालवडला चाळीत राहायचो. माझ्याकडे दोन सिलिंडरची, साडेतीनशे सीसीची जुनी मोटरसायकल होती. वेगात ऐकायची नाही आणि लांब पल्ल्याला दमायची नाही, अशी गाडी. तिच्यावर कमलला, म्हणजे बायकोला, मागे बसवून घाट चढून सांगलीकडच्या माझ्या गावी जायचं हे माझं स्वप्न. त्यासाठी दर रविवारी सकाळी मी गाडी खोलून बसायचो. चाळीतले लोक म्हणायचे, ह्याला दोन बायका आहेत आणि थोरली ओट्यावर उभी असते.

दोन सिलिंडर म्हणजे दोन कार्बोरेटर आणि दोन सायलेन्सर. दोघांचं जमलं पाहिजे, नाहीतर एक ओढतो आणि दुसरा अडून बसतो. त्यात इथली खारी हवा, आज लावलेलं ट्यूनिंग पुढच्या आठवड्यात बिघडलेलं. मोजायला मीटर-बिटर आमच्याकडे कुठला? कमल मागे पाटावर बसायची आणि दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी जरा अंतरावर दोन तळवे धरायची. धुराचे ठोके हाताला लागतात. ती सांगायची, "उजवा जोरात हाय," आणि मी स्क्रू किंचित फिरवायचो. "आता सारखं," ती म्हणाली की झालं. कोळ्याची पोर, जाळ्याची दोरी हातात धरून वाढलेली. तिचा हात कधी चुकला नाही.

तिचे वडील सालवडपासून काही मैलांवर, समुद्रकाठच्या नवापूरला राहायचे. लहान होडी, होडीला मशीन. लेकीने घाटावरच्या माणसाशी लग्न केलं हे त्यांना शेवटपर्यंत रुचणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. आम्ही सासूबाईंना भेटायला जायचो तेव्हा गाडी वळणावर आली की सासरे तो आवाज ओळखायचे आणि मागच्या दाराने खाडीवर निघून जायचे. आम्ही पोचेपर्यंत ताटातली भाकरी अर्धी राहिलेली असायची. सासूबाई हसून म्हणायच्या, "जावयाची फटफटी वाजली का ह्यांचं जेवान संपतं." मी पण हसायचो. कमल हसायची नाही.

वय झालं तरी सासरे होडीवर एकटेच जायचे. धुकं पडलं की कमलचा जीव थाऱ्यावर नसे. आमच्याकडे दाट धुकं वर्षातून एखाद-दोनदाच पडतं, पण पडलं की हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत.

त्या रविवारी तसंच होतं. कमल सकाळपासून दारात येऊन धुक्याकडे बघत होती. मी गाडी सुरू केली, गरम होऊ दिली, तिने तळवे धरले. थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, डावा थंड लागतोय."

मी म्हटलं, प्लग गेला असेल. उजव्या प्लगची टोपी काढली. डावा सिलिंडर मेला असता तर गाडी तिथंच बंद पडायला हवी होती. पण गाडी एकट्या डाव्यावर व्यवस्थित चालली! म्हणजे डावा पेटत होता. टोपी परत लावली आणि मागे येऊन स्वतःचा हात धरला... बर्फासारखा गार वारा. ओलसर. आणि वास पेट्रोलचा नव्हे, तर ओहोटीच्या चिखलाचा.

खरं सांगतो, मी घाबरलो. मी चावीकडे हात नेला, तर कमलने मनगट धरलं.

"बंद करू नका."

"अगं, उभ्या गाडीचं इंजिन तापतं. जाम होईल."

"होऊ दे. बाबा दर्यात हाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुनी नाय सांगितलं. पन बंद नाय करायची. मना नका विचारू का ते."

अशा वेळी शहाण्या नवऱ्याने काय करावं? मी घरातला टेबलफॅन ओट्यावर आणला आणि इंजिनसमोर लावला. शेजारचे शर्माजी टॉवेल गुंडाळून बाहेर आले, बघत राहिले. "भाईसाब, फटफटी को बुखार है क्या?" मी पंखा आणखी जवळ सरकवला. बोललो असतो तर रडू फुटलं असतं. कारण आवाज बदलायला लागला होता. इंजिन जाम होण्याआधी कसं कण्हतं ते मला ठाऊक होतं, आणि माझी सांगली, माझे घाट, सगळं डोळ्यांसमोर जळत होतं. एकदा वाटलं, हिला ढकलून चावी फिरवावी. मग तिच्याकडे पाहिलं. उजवा तळवा भाजून लाल झालेला, डावा गारठून पांढरा, आणि ती दोन्ही हात तसेच धरून बसलेली. माझी गाडी पुन्हा बांधता आली असती. चावी सोडून दिली मी.

पेट्रोल रिझर्व्हला आलं. तरी ती उठेना.

मग एकदम तिने मान वर केली. "डावा गरम झाला," म्हणाली. मी चावीकडे धावलो, पण त्याआधीच इंजिन कर्रकन् करकरलं आणि थांबलं. किक दाबली, ती जागची हलेना. जाम.

आम्ही एसटीने नवापूरला गेलो. किनाऱ्यावर माणसं जमलेली. मध्ये सासरे, गोधडी पांघरून काळा चहा पीत बसलेले. हाताला फोड आलेले. कमल त्यांच्या गळ्यात पडली. त्यांनी तिला थोपटलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "फटफटी कुठं हाय?"

"जाम झाली."

त्यांनी नुसती मान हलवली. मग हळूहळू सांगितलं. भर दर्यात मशीन बंद पडलं. नांगर टाकला, त्याची दोरी तुटली. ओहोटी बाहेर ओढत होती आणि धुक्यात किनारा कुठं ते कळेना. "आता संपला म्हटलं. तवा तुजी फटफटी वाजाया लागली. मी तिकडं तोंड केलं नि वल्हवत सुटलो. कवाशी खाडीचा तोंड दिसला, नि तवाच तुजी गाडी बंद झाली."

"बाबा, माझी गाडी सालवडला होती. दुसऱ्या कुणाची असेल."

ते चिडले. "इतकी वर्सं तो आवाज ऐकून मी घरातनं पलालो. मना नाय कलनार?"



नंतर फिटरपणाला जागून सगळं तपासलं. सायलेन्सर कापून बघितला, आत काजळीशिवाय काही नाही. इंजिन पुन्हा बांधल्यावर सालवडला मित्राला गाडी वाजवत ठेवायला सांगून मी नवापूरच्या किनाऱ्यावर उभा राहिलो, एकदा तर मुद्दाम धुक्यात. लाटांशिवाय काही ऐकू आलं नाही. कमलला खोदून विचारलं तर ती म्हणते, "हाताला कललं." बस्स, तेवढंच.

त्याच गाडीवर दोघं सांगलीला जाऊन आलो. नारळी पौर्णिमेला सासऱ्यांनी होडीच्या मशीनला कुंकू लावलं आणि त्याच बोटाने माझ्या गाडीच्या टाकीलाही. तेव्हापासून गाडी वळणावर आली की ते मागच्या नाही, पुढच्या दारात येऊन उभे राहायचे. भाकरी अर्धी राहायची ती राहायचीच.

सासरे आता नाहीत. गाडी आहे, आणि आम्ही दोघं आहोत. अजूनही कधी रविवारी मी स्क्रू फिरवतो आणि कमल पाटावर बसून तळवे धरते. "सारखं झालं," म्हणते. उजवा हात काढते, डावा तसाच ठेवते.

"गरम आहे ना?" मी विचारतो.

"गरमच हाय," ती म्हणते, आणि हात काही काढत नाही.