हवालदारांचा निळा

हवालदार कुठल्याही दिव्याचं बटण न सांगता दाबत नसत. घरी संध्याकाळची ट्यूब लावायची असली तरी आधी मोठ्यानं "लावतो हं" म्हणायचे, क्षणभर थांबायचे आणि मगच बटणाला हात घालायचे. काकू आतून ओरडायच्या, "आवं लावा की एकदाचं, कवाचं सांगताय!" तरी ते थांबणं काही चुकायचं नाही. खटकन अंगावर उजेड टाकणं म्हणजे झोपलेल्या माणसावर बादली ओतणं, असं त्यांचं मत होतं. घरी आलेल्या पाहुण्यांना हा प्रकार विचित्र वाटायचा. मलाही सुरुवातीला वाटला होता.

ते मूळचे पलूसकडचे. घरची उसाची जमीन भाऊ बघायचा आणि हे फौजेत. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या शेजारचा अर्धा गाळा घेतला. मी कारखान्यांच्या मशीनची बंद पडलेली कंट्रोल पॅनेल दुरुस्त करतो, तेव्हाही तेच करत होतो. हवालदार एलईडीचे दिवे बनवायचे. तेही घरात लावायचे नाहीत, काचेच्या पेटीत समुद्राचं पाणी तयार करून त्यात जिवंत प्रवाळ वाढवणाऱ्या लोकांसाठी. सांगलीपासून समुद्र कुठे आणि प्रवाळ कुठे! सांगली आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांत मिळून असे शौकीन दहा-बारा असतील. आसपासच्या गाळ्यांतले कामगार मुद्दाम विचारायचे, "हवालदार, माशास्नी लाइट कशाला? पेपर वाचत्यात व्हय?" ते अजिबात न चिडता सांगायचे, "माशाला न्हाई रं. पवळ्याला. पवळं उजेडावर जगतंय. त्याचं जेवाण हाय त्ये."

नोकरीच्या शेवटी ते अंदमानला होते. तिथे सुट्टीच्या दिवशी काचेच्या तळाच्या होडीतून त्यांनी प्रवाळ पाहिलं आणि त्या एका फेरीचं वर्णन मी निदान दोनशे वेळा ऐकलं आहे. "तिथं सकाळ हळूहळू खाली उतरती गड्या. वर पांढरी असती, खाली जाईस्तवर निळी हुती." बाजारातले तयार दिवे सकाळी एकदम पेटतात आणि रात्री एकदम विझतात, याचा त्यांना मनापासून राग होता. "ह्यो काय लग्नाचा मांडव हाय?" म्हणायचे. त्यांच्या दिव्यात पाऊण तास सूर्य उगवायचा, दुपार चढायची, संध्याकाळ निवांत कलायची. हे सगळं एका छोट्या सर्किटमध्ये प्रोग्रॅम लिहून बसवावं लागे आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. पुढे त्यांना ढग हवे झाले. दुपारी मध्येच दहा मिनिटं उजेड मंद व्हायला पाहिजे. मी वैतागून म्हणालो, "हवालदार, प्रवाळाला ढग कळतो का?" ते म्हणाले, "तुला कळतोय का? दिसभर पॅनेलात डोस्कं घालून बसतोस." ढग लिहिले.

प्रत्येक दिवा वेगळा. पेटी किती लांब, किती खोल, कोणतं प्रवाळ कुठल्या दगडावर बसलंय, हे सगळं विचारून मगच ते अॅल्युमिनियमची पट्टी कापायला घ्यायचे. जोडणी झाली की दिवा तासभर चालवून त्याच्या पाठीवर मनगट टेकवायचे आणि "ताप न्हाई" असं जाहीर करायचे. दवाखाना उघडला असता तरी बरा चालला असता.

पण खरा सोहळा रंगाचा. शटर खाली ओढायचं, दिव्याखाली इनॅमलची पांढरी ताटली ठेवायची, तिच्यात प्रवाळाचा एक वाळलेला तुकडा. मी लॅपटॉप घेऊन बसायचो. पांढऱ्या, निळ्या आणि जांभळ्या रंगाचे आकडे माझ्या हातात. हवालदार ताटलीवर वाकून बोलायचे, "निळा वाढव. अजून. अजून थोडा. हां... बसला." बसला म्हणजे रंग बसला. समुद्रात पाहिला होता तसा झाला. तो आकडा मी टाकून ठेवायचो आणि दिवा गिऱ्हाइकाकडे जायचा. उजेड मोजायचं यंत्र मिळतं, हे मी त्यांना सांगितलं होतं. "यंतर अंदमानला गेलंय का?" एवढंच त्यांचं उत्तर. वर्षातून एकदा सगळे दिवे पुन्हा गाळ्यात यायचे. धूळ झटकायची, आतली, उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलायची, रंग परत बसवायचा.

मधल्या काळात हवालदारांचं दूधवाल्याशी भांडण झालं. म्हशीचं सांगून हा गाईचं घालतो, दूध पिवळं दिसतंय, असा त्यांचा आरोप. दूधवाला शपथा खाऊन थकला. मग काकूंच्या धुण्यावर घसरले. सदरे पिवळे पडलेत, नीळ घालत जा. काकू मला गाळ्यात येऊन सांगून गेल्या, "नीळ घालून घालून सदरं आभाळागत झाल्यात. तरी ह्यांचं आपलं पिवळंच." आम्ही दोघं हसलो. मी जरा जास्तच हसलो, कारण मला त्यात काही नवं नव्हतं.

मला आकडे दिसत होते. पहिल्या वर्षी ज्या दिव्याचा निळा साठाला बसला होता, तो दुसऱ्या वर्षी सत्तरच्या जवळ गेला, मग त्याच्याही पुढे. एकाच नाही, सगळ्या दिव्यांचा. दिवे तेच, ताटली तीच. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा फिका दिसायला लागतो, हे काही मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या वडिलांचा मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी एकदा बोललो. फक्त एकदा. "हवालदार, निळा जरा जास्त होत नाही ना?" त्यांनी ताटलीवरून मान वर केली. "समुद्राच्या आत कवा बघितलायस?" मी गणपतीपुळ्याला गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला माणूस. गप्प बसलो. नंतर बोलायला पुष्कळ दिवस होते, पण मी बोललो नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. दिवसभर लोकांच्या बंद मशीनी उघडून मी शिणलेला असायचो, पाच वाजता शटर ओढून आकडा टाकायचा आणि घर गाठायचं, एवढंच डोक्यात असायचं. वाद घालायला त्राण लागतं. "बसला" म्हटलं की मी सुटायचो.

साताऱ्याला एक बाई होत्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांच्या दोन फुटी पेटीत एक प्रवाळ होतं. अंगठ्याएवढं आणलेलं, सहा वर्षांत पसाभर झालेलं. त्यांचा दिवा रंग बसवून परत गेला आणि तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, की प्रवाळ पांढरं पडतंय. उजेड जास्त झाला की ते असंच पांढरं पडतं. हवालदार शांतपणे म्हणाले, "लाइट मी सोता बसवलाय बाई. तुमचं पाणी बघा. मिठाचं माप चुकत आसंल." बाईंचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास. त्यांनी खालच्या दुकानातून शुद्ध पाण्याचे कॅन तीन जिने चढवून आणले, मीठ पुन्हा पुन्हा मोजलं, पाणी बदललं. प्रवाळ गेलंच. तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, "माझाच हात चुकला असणार हो. वय झालं आता." हवालदारांनी फोन ठेवला आणि दिवसभर कशालाच हात लावला नाही. मी शेजारीच सोल्डरिंग करत होतो. त्या दिव्याचा आकडा मला पाठ होता.

पुढच्या दोन वर्षांत त्यांना रस्त्यावरचे खड्डे दिसेनासे झाले, तेव्हा कुठे काकूंनी त्यांना ओढून मिरजेला नेलं आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरवड्यानं ते काळा चष्मा लावून गाळ्यात आले. एक दिवा ताटलीवर लावून ठेवलेला होता. मला म्हणाले, "शटर वढ." चष्मा काढून वाकले. एक डोळा तळव्यानं झाकला, मग दुसरा. परत पहिला.

"दोन हायत," ते म्हणाले. "ह्या डोळ्यानं एक निळा आन् ह्या डोळ्यानं दुसरा."

मग त्यांनी सगळ्या दिव्यांचे सगळ्या वर्षांचे आकडे काढायला लावले. मी एकेक वाचत गेलो. ते एका खोक्यावर बसून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "तुला हे कवापास्नं दिसतंय?"

"तीन वर्षं झाली."

"हं." ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. "चल, फोन लावून दे सगळ्यास्नी."

त्यांनी एकेका गिऱ्हाइकाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "निळा चुकलाय माझा, दिवा पाठवा." बाकीच्यांची प्रवाळं नुसती फिकटली होती, निळा उतरवल्यावर सावरली. मेलं होतं ते फक्त साताऱ्याचं. "बाईस्नी फोनवर सांगायचं न्हाई," हवालदार म्हणाले. "जाऊन सांगाय पायजे." मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. पेठ नाका, कऱ्हाड, उंब्रज, सगळा रस्ता ते खिडकीतून बाहेर बघत होते. मी रेडिओ लावला, तो त्यांनी बंद केला.

बाईंनी दार उघडलं. पेटी कोरडी होती, तिच्यात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. हवालदार बसलेच नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "बाई, तुमचं पाणी चांगलं हुतं. मीठ बी बराबर हुतं. मोतीबिंदू हुता मला, निळा दिसत न्हवता, म्हणून वाढवत गेलो. पवळं माझ्या दिव्यानं मेलं. आन् वर मी तुमालाच बोललो."

बाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे माझा हात नव्हता?"

"न्हाई बाई."

"दोन वर्षं," बाई म्हणाल्या, "तुळशीला पाणी घालतानासुद्धा माझा हात थांबायचा हो." त्यांनी पदरानं डोळे टिपले. मग चहा टाकला. कप माझ्या हातात देताना त्यांनी सहज विचारलं, "आणि यांच्या नाही का लक्षात आलं? यंत्रात आकडे हेच भरतात ना?"

मी बोलायच्या आत, किंवा खरं सांगायचं तर मी बोलत नाही असं दिसल्यावर, हवालदार म्हणाले, "त्यो मी सांगंल त्यो आकडा टाकायचा. त्याला काय ठावं?"

मी चहा पिऊन टाकला.

परतताना कऱ्हाडला थांबलो. हवालदारांनी नवा डोळा चोळायचा नाही म्हणून हात मांडीवर दाबून धरले होते. म्हणाले, "मला वाटलं हुतं, बाईच्या म्होरं तू एक शब्द बोलशील." आवाजात राग नव्हता. दमलेल्या माणसाचा आवाज होता. पुढे सांगलीपर्यंत आम्ही उसाच्या ट्रॉल्यांविषयी बोललो.

नंतर त्यांचा दुसराही डोळा झाला. त्यांनी उजेड मोजायचं यंत्र आणलं. माझ्याकडून प्रोग्रॅम करून घेतच होते, चहाला हाक मारतच होते, कधी टोमणा म्हणून नाही. फक्त रंग लावताना यंत्रावरचा आकडा वाचून "एवढाच ठेव" म्हणायचे. "बसला" हा शब्द मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकला नाही आणि मला तो ऐकायची फार इच्छा होती. गेल्या थंडीत एका सकाळी अंगणात पेपर वाचताना ते गेले. काकू म्हणाल्या, कुणाला हाक मारायलाबी सवड मिळाली न्हाई. अर्धा गाळा आता एका लेथवाल्याकडे आहे.

बाईंना मीच फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, "किती प्रामाणिक माणूस हो. स्वतःची चूक सांगायला इतक्या लांब आला." मी "हो" म्हणालो. तेव्हाही बोलायची संधी होती आणि तेव्हाही मी नुसता "हो" म्हणालो. मला हवालदारांसारखं उभं राहून सांगता येत नाही. लिहिता येतं, आणि बाई छापलेलं सगळं वाचतात हे मला माहीत आहे.

बाई, हवालदार त्या दिवशी तुमच्याशी एकच खोटं बोलले आणि ते माझ्यासाठी बोलले. मला ठाऊक होतं.