औषध म्हणायचं नाही

जळगावहून धरणगावला जाणाऱ्या संध्याकाळच्या एसटीत तिच्या शेजारची जागा बहुतेक रिकामीच राहते. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत अमाइन संयुगं बनवते, आणि त्यांचा सडक्या मासळीसारखा वास तिच्या ओढणीला धरून असतो. एकदा तिने मासे आणलेत असं वाटून एका आजीने नाक दाबून विचारलं, "मासा लई वनी का वं पोरी?"

"नही माय, अमाइन शे."

"आते हाई कोनती भाजी शे?"

ती हसली नाही. उतरेपर्यंत आजीला समजावत बसली.

खर्च परवडत नाही म्हणून संस्थाचालकांनी ती प्रयोगशाळाच बंद करायला काढली. तिचं संशोधन अर्धवट राहणार होतं. ती वाचवायला आम्ही गावातल्या काही जणांनी पत्रक लिहिलं, वर ठळक अक्षरांत 'खान्देशच्या लेकीने औषध शोधलं!' तिने वाचलं आणि 'औषध'वर काट मारली.

"भाऊ, माझी संयुगं अजून काचेच्या बशीतले जंतू मारतात, एवढंच. माणसाला गुण देतील की अपाय करतील, ते कुठे माहीत आहे? आपल्याकडे कपाशीवर मारतात त्यालाही औषधच म्हणतात."

"ताई, हा शब्द काढला तर कुलूप लागेल."

"लागू द्या. उद्या कुणाची माय हे पत्रक घेऊन औषध मागायला आली, तर तिच्या हातावर काय ठेवू?"

मी चिडलो होतो. आज मात्र सांगतो, ही बाई आमच्या खान्देशची आहे याचा मला माज आहे.

पत्रक नव्याने छापलं. 'औषध अजून सापडलेलं नाही. म्हणूनच प्रयोगशाळा बंद होऊ देणार नाही.' संस्थेच्या फाटकावर पहिलं तिनेच चिकटवलं.