तेवीस डाव आणि नाईक काका

आम्ही चौघं भेटलो की नाईक काकांचा एखादा किस्सा निघतोच. आता चौघं चार गावी आहेत, तरी फोनवर निघतो.

काका नागपूरचे, गणिताचे रिटायर्ड मास्तर, अमेरिकेत आयसेलिनला मुलीकडे राहायचे. एकोणिसाव्या शतकातल्या बुद्धिबळाच्या एका जगज्जेतेपदाच्या मॅचने त्यांना झपाटलं होतं. तेवीस डाव, अगदी अटीतटीचे. शेवटच्या डावात आव्हानवीर जिंकत आला होता, जिंकला असता तर बरोबरी. पण राजाला राखणारा उंटच त्याने हलवला आणि दोन चालींत मात झाली.

ही मॅच काकांनी आमच्या सतीशबरोबर पुन्हा मांडली. दर शनिवारी एक डाव, पुस्तकातल्याच चालींनी. सतीश जगज्जेता, काका आव्हानवीर. सतीश पुण्याचा, जर्सी सिटीत आयटीत. पहिला डाव त्याने फोनवर बघून दहा मिनिटांत उरकला. काकांनी सोंगट्या परत लावल्या. म्हणाले, "ते तासन्तास विचार करायचे. तू निदान चहा निवेपर्यंत तरी कर."

काकांची मुलगी तारा कॉलेजपासून अमेरिकेतच. तिने एकदा विचारलं, "बाबा, यू ऑलरेडी नो हू विन्स, राइट?"

काका म्हणाले, "कोण जिंकला ते ठाऊक आहे गं. त्याने उंट का उचलला, ते कळत नाही."

एकदा तारा साडी घेत होती. काका दुकानातूनच मला फोनवर त्या दिवशीचा डाव सांगत होते, "आपला गेला आज. शेवटपर्यंत झुंजला बिचारा." दुकानातल्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ताराला हळूच विचारलं, पांढरी साडी दाखवू का?

मग सतीशचा जॉब गेला. व्हिसावर नवा शोधायला साठ दिवस मिळतात, त्यात दुसरा मिळाला नाही. गुरुवारचं पुण्याचं तिकीट काढलं. डाव बरेच उरले होते, म्हणून शनिवारी दोन-दोन, तीन-तीन खेळून त्या दोघांनी बावीस संपवले.

शेवटच्या शनिवारी तेविसावा. आम्ही सगळे जमलो होतो. ती चाल आली. काकांनी उंट उचलला. बराच वेळ हातातच धरला.

सतीश म्हणाला, "काका, हवी ती चाल खेळा. मला चालेल."

काकांनी उंट होता तिथेच परत ठेवला आणि चष्मा काढून पुसला.

"आज नको," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी बघू."